एक गोळी, दोन भावंडं

सरांनी तपासलेल्या विज्ञानाच्या वह्या एखाद्या परक्या माणसाने उघडल्या असत्या, तर तो चक्रावून गेला असता. 'उत्तर चूक' असा लाल शेरा, आणि त्याच्याखाली त्याच पेनाने, जरा बारीक अक्षरात, 'रागावलेलो नाही.' पुढच्या पानावर 'आकृतीला नावे द्यावीत', आणि खाली 'हे प्रेमाने लिहिले आहे.' सहावीतल्या एका मुलीच्या वहीत तर शेरा एका ओळीचा आणि खुलासा अर्ध्या पानाचा होता. तिची आई ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, हिने वर्गात काही केलंय का? सर एवढी माफी कशाला मागतायत?"

मी त्या शाळेत नवीनच लागले होते. ठाकूरद्वारच्या अलीकडे, मराठी माध्यमाची जुनी शाळा. पूर्वी एकेका वर्गात साठ-साठ मुलं असायची, आता पंचवीस जमली तरी मुख्याध्यापिका खूश होत. मी मराठी शिकवायचे, सर विज्ञान. सर पन्नाशी ओलांडलेले, लग्न न केलेले, लालबागला आईबरोबर राहणारे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, बाह्यांची बटणं मे महिन्यातही मनगटापर्यंत लावलेली. बोलणं इतकं सावकाश की प्रत्येक शब्दाची झडती घेऊनच त्याला बाहेर सोडतायत असं वाटावं. पाचवीतल्या मुलांनाही ते 'आपण' म्हणत. "आपण बाकावर उभे राहू नये, अशी माझी विनंती आहे." मुलं हसायची, पण उतरायची.

पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा सर एकटेच होते. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "बसा." मी बसले. दहा मिनिटांनी त्यांचा तास होता, ते गेले. दोन मिनिटांत परत आले.

"बाई, मी मघाशी आपल्याला 'बसा' म्हणालो. त्यात हुकूम होता का?"

"छे हो सर, अजिबात नाही."

"खरं सांगा. तोंडावर बोलायला संकोच वाटत असेल तर लिहून द्या."

मी हसले. ते हसले नाहीत. वर्गात वीस-पंचवीस मुलं गोंधळ घालत होती आणि हा माणूस खडू हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

पुढे त्याची सवय झाली. संध्याकाळी साडेसात-आठला सरांचा फोन यायचा. "मी निघताना 'बरं' म्हणालो, ते तुसडेपणाने म्हणालो का?" मी म्हणायचे, नाही. "एकदम नाही म्हणू नका. आठवून सांगा." मी आठवल्यासारखं करून सांगायचे, नाही. ते आभार मानून फोन ठेवायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा करायचे, की आत्ता आभार मानताना आवाज चढला होता का. कधीकधी फोनवर त्यांचं भागत नसे. लालबागच्या बसमध्ये चढलेला माणूस भायखळ्याला उतरायचा, उलटी बस पकडून परत शाळेत यायचा आणि शिपायाला गाठून विचारायचा, "मी मघाशी आपल्याला खिडकी लावायला सांगितली. आपल्याला कमीपणा वाटला का?" शिपाई एकदा वैतागून म्हणाला, "सर, वाटला. आता जावा घरी." झालं. सर तीन दिवस जेवले नाहीत, असं नंतर कळलं. त्यानंतर शिपायाने कधी थट्टा केली नाही.

मला मात्र काही उलगडा होत नव्हता. आधी वाटलं फार सभ्य आहेत. मग वाटलं नाटकी आहेत. मधल्या काळात तर, रोजच्या त्या फोनांमुळे, मला भलतीच शंका आली होती, आणि गणिताच्या बाईंनी ती बोलूनही दाखवली. मी आठ दिवस फोन उचलला नाही. नवव्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक बाई माझी वाट बघत उभी होती. चाळिशीतली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, एकदम तडफदार.

"तुम्हीच मराठीच्या बाई ना? मी शैला. दादाची बहीण, परळला असते. दादा तुम्हाला फार त्रास देतो का हो?"

आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. शैला सरळ मुद्द्यावर आली. "त्याला ओसीडी आहे. म्हणजे एकच शंका डोक्यात सारखी येत राहते, आणि ती शांत करायला तीच गोष्ट सारखी करावी लागते. त्याला वाटतं आपण सगळ्यांना दुखावतोय. त्याला कळतं की हे खरं नाही, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. मलापण होता. आहेच, पण आता गप्प बसलाय." तिचं सगळं गॅसच्या बटणाभोवती फिरायचं. बटण बंद आहे हे पाहून तिचं समाधान होईना, म्हणून ती मोबाइलवर त्याचा फोटो काढून ऑफिसला न्यायची. "मग लोअर परळला पोचले की वाटायचं, फोटो कालचा तर नसेल? की परत घरी. नोकरी जायची वेळ आली होती माझी."

डॉक्टरांनी तिला एक गोळी सुरू केली. दोन-अडीच महिन्यांत तिचं फोटो काढणं सुटलं. मग ती भावाला हाताला धरून त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. तीच गोळी, हळूहळू तिच्यापेक्षा मोठा डोस. सहा महिने झाले. सरांच्या तोंडाला कोरड पडली, वर्गात जांभया येऊ लागल्या, बाकी काही नाही. "एका आईच्या पोटातली आम्ही दोघं," शैला म्हणाली. "मला लागू पडली, त्याला का नाही? मला ना, त्याच्यासमोर बरं दिसायचीसुद्धा लाज वाटते."

खरा पेच सरांचा होता. सर दहावीला आनुवंशिकता शिकवायचे. फळ्यावर वाटाण्याचं फूल असं काढायचे की पुसायला जीव होऊ नये. उंच झाड, बुटकं झाड, पहिली पिढी, दुसरी पिढी, सगळं चौकटीत चोख बसायचं. मी शेजारच्या वर्गात असले की ऐकत राहायचे, कारण त्या एका धड्याला त्यांचा आवाज मोकळा सुटायचा. तिथे कोणाला काही लागण्यासारखं नव्हतं. त्या वर्षी मात्र शिकवता शिकवता ते थांबले. एका मुलीने विचारलं होतं, "सर, मग आईबाबा तेच असले तर भाऊ-बहीण वेगळे का?" खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "वाटाण्यांत हे सोपं असतं. माणसांचं मला माहीत नाही." आणि संध्याकाळी मला फोन, की मी त्या मुलीला झिडकारलं का.

शैलाच्या डॉक्टर परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या. तिथे त्या सुमारास अशा कुटुंबांचं रक्त गोळा करण्याचं काम चाललं होतं, जिथे एकाच घरात दोघांना हा आजार आहे. भावंडांचं तर हवंच होतं, आई किंवा वडील हयात असतील तर त्यांचंही. वडील गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांतच वारले होते. आई ऐंशीच्या घरात. ती काही केल्या तयार होईना.

"आमच्या घराण्यात येडो कोण नाय," ती म्हणायची. "माझा रगात कित्याक व्हया तेंका?"

शेवटी शैला म्हणाली, "आये, दादासाठी." तेव्हा म्हातारीने पातळ बदललं.

मी का गेले? कारण सरांना साक्षीदार हवा होता. आपण डॉक्टरांना काही लागेल असं बोललो तर नंतर कोणाला विचारायचं? शैला घरची, ती त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलेल. मी परकी. शनिवारी शाळा लवकर सुटते, तशी मी गेले.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी नीट समजावून सांगितलं. एका आईबापांची मुलं असली तरी दोघांत सारखं असतं ते सरासरीने निम्मंच. गोळी पोटात गेल्यावर कोणाचं यकृत ती भराभर मोडून टाकतं, कोणाचं हळूहळू, आणि तेवढं रक्तावरून थोडंफार कळतं. पण गोळी रक्तात पुरेशी असूनही एकाच्या मेंदूवर चालते आणि दुसऱ्याच्या चालत नाही. त्यामागे एखादं जनुक नसावं, बारीक बारीक शेकडो असावीत, शिवाय आयुष्य असतंच.

सर वहीत लिहून घेत होते. त्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे माझ्या रक्ताकडे बघून, मला कोणती गोळी लागू पडेल, हे आपल्याला सांगता येत नाही?"

"आज नाही येत, सर. म्हणून तर गोळा करतोय."

"खरं सांगा."

"खरंच सांगतेय."

सर खुर्चीत मागे टेकले. ज्या माणसाला 'बसा'मध्ये हुकूम नव्हता याची खात्री करून घ्यायला तास सोडून परत यावं लागत होतं, त्याला विज्ञानानेच सांगितलं होतं की आमची खात्री नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग डॉक्टरांनी सरांच्या आईला, म्हणजे आजींना, प्रश्न विचारायला सुरुवात केली. शहरी माणसांशी बोलताना आजी मालवणी बाजूला ठेवत आणि जपून जपून बोलत. एखादा विचार मनात सारखा येतो का? नाही. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते का? नाही. हात धुणं, मोजणं? नाही, नाही. डॉक्टरांनी कागद उलटला आणि सहज विचारलं, "मुलं लहान असताना काळजी वाटायची?"

"ती कोणाला वाटत नाही?"

"मग काय करायचात?"

"काय करणार? हा शाळेत जायला जिना उतरायला लागला की मनात म्हणायची, 'सुखरूप ये.'"

"एकदाच?"

"एकदाच. पण मध्ये कोण बोललं, कुकरची शिटी झाली, तर ते फुकट जायचं ना. मग त्याला वर बोलवायचं आणि परत पाठवायचं."

डॉक्टरांनी पेन उचललं. ते पाहून आजी घाईने सांगू लागल्या.

"असंच उगाच नाही बोलवायची. पाणी पिऊन जा म्हणायची. नाक पूस म्हणायची. रुमाल दाखव. नीट म्हणून होईपर्यंत."

"किती वेळा बोलवावं लागायचं?"

"कधी तीन. कधी दहा-बारा. त्याला शाळेत उशीर व्हायचा, मार पडायचा. पण सुखरूप यायचा." आणि मग एकदम हट्टाने, "आला ना रोज सुखरूप? मग?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सर आईकडे बघत होते. आई भिंतीकडे बघत होती. नर्सने येऊन तिघांचं रक्त घेतलं, आधी आजींचं. त्यांनी स्वतःच हात पुढे केला.

आजींना टॅक्सीत बसवायचं म्हणून शैला टॅक्सी शोधायला लागली. आजी हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या, आम्ही जरा लांब उभे होतो. सर म्हणाले, "बाई, चाळीतल्या इतर मुलांच्या आया कामात असायच्या. माझी आई एवढी माझ्यामागे यायची, याचा मला गर्व होता. तहान नसताना मी ते पाणी प्यायचो. पेलाभर. प्रत्येक वेळेला." मग बाकावरच्या आईकडे बघत, "ते प्रेम होतं की लक्षण होतं?"

मी म्हटलं, "दोन्ही असेल, सर." बोलले आणि वाटलं, हे काहीतरी पुस्तकी बोललो आपण.

शैला टॅक्सी घेऊन आली होती. तिने ऐकलं होतं. टॅक्सीचं दार उघडं धरून ती म्हणाली, "मला कधी परत बोलावलं नाही रे दादा. एकदाही नाही. मी जिना उतरायची तर सरळ रस्त्यावर. इतकी वर्षं वाटायचं, आईचा जीव तुझ्यावरच आहे." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "आता काय समजू? मी सुटले म्हणून खूश होऊ, की माझ्यासाठी तिला भीतीसुद्धा वाटली नाही म्हणून रडू?"

"शैला, मी तुझं काही हिरावून घेतलं का?" सरांनी विचारलं.

"दादा, आता हे सुरू करू नकोस हं."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. आजींना मध्ये बसवून ती दोघं गेली. मी परळ नाक्यापर्यंत चालत आले. माझी आईही मला निघताना दोनदा 'पोचल्यावर फोन कर' म्हणते. त्या संध्याकाळी तिने तिसऱ्यांदा म्हटलं आणि मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ती म्हणाली, "काय गं, अशी काय बघतेस?"

रक्ताचं पुढे काय झालं, ते कोणालाच कळलं नाही. एकेकट्याचे निष्कर्ष कळवत नाहीत, असं फॉर्मवरच छापलेलं होतं. सरांना ते पटेना. "माझंच रक्त, आणि मलाच सांगणार नाहीत?" डॉक्टर म्हणाल्या, लपवत नाही, सांगण्यासारखं अजून हाती काही नाही. त्यांनी गोळी बदलली. दुसरीही चालली नाही. मग एक बऱ्याच जुन्या काळची गोळी आली. ती सुरू करण्याआधी हृदयाचा आलेख काढावा लागला. आणि गोळीबरोबर आठवड्यातून एकदा समोर बसून शिकायचे धडे. धडा असा, की शंका आली तरी विचारायचं नाही, आणि विचारलंच तर समोरच्याने 'नाही' म्हणायचं नाही. समोरची म्हणजे मी. सरांनी स्वतःच मला कागदावर लिहून दिलं होतं: 'मी विचारल्यास आपण म्हणावे, सांगता येत नाही.'

पहिल्या संध्याकाळी फोन आला.

"बाई, मी आज आपल्या डब्याकडे बघून नाक मुरडलं का?"

"सांगता येत नाही, सर."

"असं का करता, बाई?"

"तुम्हीच लिहून दिलंय."

"हो. पण आजच्या दिवस खरं सांगा."

"सांगता येत नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी ताटावर बसले होते, तशीच उठले. एक 'नाही' म्हटलं असतं तर त्या माणसाला झोप लागली असती. इतके दिवस मी दया म्हणून जे करत होते त्याने आजार पोसला जात होता, असं डॉक्टर म्हणायच्या, आणि आता जे करतेय ते औषध. आतून मात्र ते अगदी उलटं वाटत होतं. दोन महिने असे गेले. फोन पाचांवरून तीनांवर आले, तीनांवरून एकावर. मग एक आठवडा आलाच नाही. जुन्या गोळीने झालं, धड्यांनी झालं की दोन्हींनी? मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले, पण हसून.

वहीतले शेरेही आखूड झाले. 'उत्तर चूक', एवढंच. मुलांना ते आवडलं नाही. एकाने मला विचारलं, "सर रागावलेत का?"

त्याच वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकलं लिहिलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बाकीचे छान म्हणाले. सर म्हणाले, "बाई, कंटाळवाणं आहे. मुलं झोपतील." सगळ्यांसमोर. माझे कान तापले. घरी जाऊन मी फोन जवळ घेऊन बसले. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आनंद व्हायला हवा होता आणि रडू येत होतं. शेवटी तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. सर काचपट्ट्या पुसत होते.

"सर, तुम्ही परवा बोललात ते मला लागलं."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो. लागलंच असेल. तसं बोलायला नको होतं मी. चुकलं."

मी वाट पाहिली. पुढे काही नाही. माफ केलंत का, नाही. खरं सांगा, नाही. त्यांनी पुन्हा पट्टी उचलली आणि म्हणाले, "पण दुसरा प्रवेश काढून टाका." मी तो काढला. नाटुकलं बरं झालं.

सर निवृत्त झाले. गोळी अजून चालू आहे, आणि वाईट दिवस अजूनही येतात, असं शैला सांगते. गेल्या वर्षी आजी गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मी लालबागला भेटायला गेले. चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, सरांचं घर चौदाव्या मजल्यावर. शैला आली होती. दुपारचे चार वाजले असतील, सरांचा फोन वाजला. हॉस्पिटलातून एक मुलगी बोलत होती. शैलाला ऐकू यावं म्हणून सरांनी आवाज मोठा केला.

आजींचा नमुना जपून ठेवलाय, ती म्हणाली. त्यांनी परवानगी दिली होती ती एकाच अभ्यासापुरती. आता नवीन अभ्यास सुरू होतोय. घरच्यांची हरकत नसेल तर फॉर्म पाठवते. नाहीतर नमुना नष्ट करतील.

"त्यातून आम्हाला काही कळेल का?" सरांनी विचारलं.

"तुमच्यापुरतं नाही, सर."

सर शैलाकडे वळले. "आयेला चाललं असतं का गं?"

"मला काय माहीत रे. कदाचित ओरडली असती."

"तुला काय वाटतं?"

"तू सांग दादा. तू मोठा."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरची कामाची ठोकाठोक वर येत होती. सर उभे राहिले, परत बसले. त्यांचा अंगठा बाहीच्या बटणावरून फिरत होता. मला वाटलं, आता हे मला विचारणार.

"सर? आहात ना?" फोनमधली मुलगी म्हणाली.

"हो. वापरा."

"नक्की ना, सर? एकदा वापरला की परत नाही मिळणार."

शैलाने माझा हात धरला.

"नक्की नाही," सर म्हणाले. "पण वापरा."